लामरियाने भावाला जेवू घातलं

लामरिया आता दुपारी घोरते. गेल्या खेपेला मी गावी गेले तेव्हा माझ्या कानांनी ऐकलं. जेवण झालं, भांडी घासून पालथी घातली, आणि बाई ओटीवर चटई टाकून जी आडवी झाली ती कांद्याचा व्यापारी दारात येऊन चार वेळा खाकरून परत गेला तरी हलली नाही. मीही तिला उठवलं नाही. सासरे गेल्यापासून तिने धड डोळा मिटला नव्हता. रस्त्यावर मोटरसायकल थांबली की दचकून उठायची आणि कुणी टेप घेऊन जमीन मोजायला तर आलं नाही ना, हे बघायला दारापर्यंत धावायची. आता कुणी आलंच तर येऊ दे, हवं तेवढं मोजू दे. तळ्याकाठची पट्टी तिच्या नावावर झाली आहे.

लामरिया माझी नणंद. आमच्यात नणंदा-भावजया एकमेकींना एडा म्हणतात आणि भाऊ-बहीण एकमेकांना इतो. माझा नवरा साहाला हा तिचा एकुलता एक इतो. म्हणजे ही जमीन गेली ती माझ्याच घरातून गेली, माझ्या दोन मुलांच्या वाट्यातून गेली. चर्चमधल्या बायका मला कोपऱ्यात घेऊन विचारतात, तुला काही वाटलं नाही का गं? वाटलं ना. मी काय दगड आहे? पण त्या वाटण्याचं काय करायचं हे माझं मी ठरवलं, आणि त्याचा मला आजतागायत पस्तावा नाही.

आमचं गाव लुम्बान सिहोल, तोबा तळ्याच्या दक्षिण काठावर. मी शेजारच्या गावातली, लग्नानंतर नवऱ्याबरोबर जकार्ताजवळ बेकासीला गेले. तिथे त्याचं टायर पंक्चरचं दुकान आहे. सासऱ्यांची जमीन तीन ठिकाणी होती. डोंगराच्या पायथ्याला भाताची खाचरं, त्यांच्या वर कॉफीचा मळा, आणि खाली रस्ता आणि पाणी यांच्या मधोमध एक अरुंद पट्टी. या पट्टीत गोट्यांशिवाय काही पिकत नव्हतं. फळ्यांचं घर, पत्र्याचं छप्पर आणि दोन आंब्याची झाडं, एवढंच.

लामरियाचं लग्न पलीकडच्या काठावरच्या जोनीशी झालं. जोनी फेरीबोटींची इंजिनं दुरुस्त करायचा. माणूस गोड, पण छातीने कच्चा. एक मुलगी झाली, मेलिना, आणि ती शाळेत जायला लागली त्या वर्षी जोनी गेला. महिना सरतो न सरतो तोच त्याचे भाऊ आले, अगदी हळू आवाजात बोलले, म्हणाले की मुलगा नाही, तेव्हा घर कुळाकडे परत यायला हवं, तू मनाला लावून घेऊ नकोस. लामरियाने मनाला लावून घेतलं की नाही ते मला माहीत नाही. तिने दोन पातेली, शिवणयंत्र आणि मेलिना बोटीत घातली आणि ती माहेरी आली.

सासऱ्यांनी तिला एक अक्षरही विचारलं नाही. म्हणाले, "आलीस? पाणी तापवलंय, अंघोळ करून घे."

त्या गोट्यांच्या पट्टीत बाईने कांदे काढले हो. गोटे वेचून पाण्याच्या बाजूला बांध घातला, तळ्यातला गाळ पाटीने वर आणला, आणि बघता बघता तिथे हिरवीगार पात डोलायला लागली. पुढे सासऱ्यांचे पाय सुजले, तर त्यांना खुर्चीसकट उचलून पाण्यापर्यंत न्यायची आणि अंघोळ घालायची. म्हातारा तिला शिव्या घालायचा, साबण डोळ्यात गेला म्हणून. ती उलट म्हणायची, "ओरडा अजून, पलीकडच्या गावात ऐकू नाही गेलं." त्या दोघांचं हे रोज चालायचं.

सासरे एकदा नाही, दहादा म्हणाले होते की ही पट्टी लामरियाची. पण ऐकलं कुणी? कोंबड्यांनी. आमच्यात अशा बोलण्याला वजन यायला एक रीत आहे. मुलांनी मिळून म्हाताऱ्याला मानाचं जेवण भरवायचं, भावकी गोळा करायची, आणि मग त्याने सगळ्यांदेखत सांगायचं की कुणाला काय. हे जेवण करायचं साहालाकडे होतं. या वर्षी दुकानाचं भाडं वाढलं, त्या वर्षी आमच्या लेकीची, रूतची शाळा, पुढच्या वर्षी नक्की. असं करता करता सासरे एका सकाळी अंघोळीची वाट बघत खुर्चीतच गेले. सांगायचं ते मनातच राहिलं.

आणि मग मेदान शहरातला हॉटेलवाला उगवला. त्याला तळ्याकाठी लाकडी खोल्या बांधायच्या होत्या. भात नको, कॉफी नको, नेमकी तीच पट्टी हवी. साहालाच्या डोक्यात हमरस्त्यावर दुसरं दुकान काढायचं कधीचं घोळत होतं, तिथे ट्रकचे टायर येतात. त्याने फोनवरच होकार दिला. माझा नवरा वाईट नाही. त्याला खरोखर वाटत होतं की बहिणीला बालिगे गावात एक खोली भाड्याने घेऊन दिली की झालं.

गाडं अडलं ते गावप्रमुखाच्या कचेरीत. वारस दाखल्याशिवाय विक्री नाही, आणि दाखल्यावर सगळ्या मुलांच्या सह्या हव्यात.

"मुलं म्हणजे मी एकटाच," साहाला फोनवर म्हणाला. "ती लग्न होऊन गेली."

"गेली, पण मेली नाही ना?" गावप्रमुख म्हणाला. "दोन मुलं, दोन सह्या. मला नोकरी टिकवायचीये."

झालं. साहालाने कुणाकडून तरी हक्कसोडीचा कागद करून घेतला आणि बहिणीकडे पाठवला. वर निरोप, इतो, एक सही कर, बाकीचं मी बघतो. त्याच संध्याकाळी लामरियाचा मला फोन आला.

"एडा, त्याने कागद पाठवलाय."

"वाचलास का?"

"वाचला. त्यात लिहिलंय की मी माझा हक्क खुशीने सोडते."

"मग?"

"मग काय? सकाळपासून बघतेय, खुशी काही होत नाहीये."

मला हसू आलं, पण पेच खरा होता. सही केली तर बाई रस्त्यावर येणार, आणि नाही केली तर भाऊ तुटणार. आमच्यात माहेर तुटलेल्या बाईला उभं राहायला जागा नसते. लग्नकार्यात, मर्तिकात, प्रत्येक ठिकाणी माहेरच्यांची एक जागा ठरलेली असते आणि ती रिकामी दिसली की सगळं गाव बघतं. तिला जमीन हवी होती आणि भाऊही हवा होता, आणि दोन्ही एकदम मिळतील असं तेव्हा कुणी म्हणालं नसतं.

ती बालिगेला गेली. तिथे शाळेचे गणवेश विकणाऱ्या दुकानाच्या वर बायकांना फुकट कायद्याचा सल्ला देणारी एक खोली आहे. देस्मा नावाची वकीलबाई तिथे बसते. वयाने आता लग्नाला आलेल्या मेलिनापेक्षा फार मोठी नसेल, पण आवाज बाजारात मासे विकणारीसारखा खणखणीत. तिने लामरियाला सांगितलं ते लामरियाने मला जसंच्या तसं सांगितलं. बापाच्या मालमत्तेत मुलगा आणि मुलगी दोघांचा वाटा सारखा, देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने हे केव्हाच, तुमच्या जन्माच्या आधीच सांगून ठेवलंय. तुमच्या सहीशिवाय दाखला पुरा होत नाही आणि दाखल्याशिवाय भावाला जमीन विकता येत नाही. कोऱ्या कागदावर सही करायची नाही, आणि या हक्कसोडीवर तर मुळीच नाही. आधी गावात बैठक घ्यायची, गावप्रमुखाला आणि वडीलधाऱ्यांना बसवायचं. नाही जमलं तर जिल्हा न्यायालय आहेच.

"जिंकाल तुम्ही," देस्मा म्हणाली. "वर्ष-दोन वर्षं जातील, पण जिंकाल."

"जिंकेन गं बाई," लामरिया म्हणाली. "पण मग मेलिनाच्या लग्नात मामाच्या जागेवर कोण बसणार? न्यायाधीश?"

देस्मा आमच्यातलीच, तिला हे समजावून सांगावं लागलं नाही. तिने पेन खाली ठेवलं. मग तिने विचारलं, "डुक्कर आहे का घरी?"

"आहे. रताळ्याच्या पाल्यावर वाढवलंय."

"मग जेवू घाला त्याला. पण जेवणानंतर जे काही ठरेल ते तोंडी ठेवायचं नाही. लेखी, साक्षीदारांसकट, मोजणीसकट, आणि शेवटी जमिनीचा तुमच्या एकटीच्या नावाचा दाखला. आणि हो, तुमच्या नवऱ्याच्या घरातही तुमचा आणि मुलीचा हक्क होता, माहितीये ना? तोही अजून मागता येईल."

"एका वेळी एकच डुक्कर," लामरिया म्हणाली.

आता जेवू घालण्याचं सांगते. आमच्यात लेक माहेरी जमीन मागायला रिकाम्या हाताने जात नाही. डुक्कर कापायचं, शिजवायचं, आणि त्याचा जबडा, बरगड्या, शेपटीकडचा भाग आणि काळीज भाताच्या राशीवर मांडून ताट भावापुढे ठेवायचं. भावाने ताटाला हात लावला की त्याने ते स्वीकारलं. तो पोटभर जेवला की त्यानेच विचारायचं, हे जेवण कशासाठी? मग लेक मागते. जेवलेल्या भावाने नाही म्हणू नये असा काही कायदा नाही. पण नाही म्हणालेला भाऊ मी तरी पाहिलेला नाही. कमी देतील, कुरकुरत देतील, पण देतील. अशी जमीन दिली की तिला आम्ही लेकीचं कधी न विरणारं वस्त्र म्हणतो.

हे सगळं साहालालाही पाठ होतं. म्हणून तर पुढची मजा झाली.

सही घ्यायला आम्ही दोघं गावी गेलो. विमानातून उतरल्यापासून त्याने एकच ठरवलं होतं, बहिणीकडे काही खायचं नाही. उतरला तोही जापोरमान काकांकडे, म्हणजे सासऱ्यांच्या धाकट्या भावाकडे. लामरियाने जेवायला बोलावलं तर म्हणाला, पोट बिघडलंय. दुसऱ्या दिवशी म्हणाला, डॉक्टरने तेलकट बंद केलंय. तिसऱ्यांदा तिने साधी केळी पुढे केली तर ती घेतली नाही आणि खिशातली पाण्याची बाटली काढून प्यायला. हा माणूस बेकासीत तीन ताटं जेवतो आणि चौथ्याकडे बघत बसतो. रात्री मी म्हटलं, "अहो, उपाशी मराल." तर म्हणे, "दोन दिवसांचा प्रश्न आहे." भुकेने त्याचं तोंड एवढंसं झालं होतं.

मग काकांनी निरोप दिला की रविवारी चर्चनंतर माझ्याकडे जेवायचं. साहालाचा चेहरा असा उजळला म्हणून सांगू. काका म्हणजे आपल्याच कुळातले, तिथे काय धोका?

काकांनी खोटं काहीच सांगितलं नव्हतं. घर त्यांचंच होतं. भाऊ बहिणीच्या घरी जेवायला तयार नाही तर बहिणीने जेवण काकाच्या घरी न्यायचं, यात चूक काय? आणि लपवलंही काही नव्हतं. सकाळपासून मागच्या अंगणात डुक्कर ओरडत होतं ते लामरियाचं. चुलीपाशी पदर खोचून उभी होती ती लामरिया. दाराजवळ, लेकीच्या सासरची माणसं बसतात त्या जागेवर, जोनीचा थोरला भाऊ येऊन बसला होता. तोच तो, हळू आवाजात बोलणारा. लामरियाने बोलावलं आणि तो आला. न येऊन तोंड कुठे लपवणार होता? डोळे असलेल्या कुणालाही हे सगळं दिसलं असतं. पण साहालाच्या डोळ्यांपुढे फक्त अन्न होतं.

पाद्रींची प्रार्थना झाली. लामरिया आणि तिच्या दिराने ताट उचललं आणि ते साहालाकडे वळणार, एवढ्यात त्याचा फोन वाजला. मेदानचा हॉटेलवाला.

"चालू करा तुम्ही, मी आलोच," असं म्हणत तो बाहेर झाडाखाली गेला आणि तिथून ओरडू लागला, की सहीचं काम झाल्यातच जमा आहे, काळजी नको.

ताट हवेत होतं. बसलेली सगळी माणसं माझ्याकडे बघत होती. नवरा नसला तर त्याच्या वतीने बायको ताट स्वीकारते, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही माहीत. मी लामरियाकडे पाहिलं. ती माझ्याकडे बघत नव्हती. तिची नजर ताटातल्या भातावर होती.

मनात काय आलं ते सांगते. माझे वडील गेले तेव्हा आम्ही तिघी बहिणी होतो आणि तिघींच्या हातात एकेक शाल ठेवून भावांनी विषय संपवला होता. मी शाल घेतली आणि घरी आले. मला तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं की मागता येतं. माझ्या मुलांचाही विचार आला, नाही असं नाही. आणि मग विचार आला रूतचा, माझ्या लेकीचा. तिलाही एक दिवस भाऊच उरणार आहे.

मी हात पुढे केला आणि ताटाच्या काठाला लावला. लामरियाने जे शब्द म्हणायचे असतात ते अगदी बारीक आवाजात म्हटले आणि ताट साहालाच्या रिकाम्या जागेपुढे ठेवलं.

तो आला, मांडी ठोकली आणि काळजाचा तुकडा तोंडात घातला. डोळेच मिटले त्याने. मग जो सुटला तो सुटला. मी शेजारी बसून भात वाढत होते.

"अजून घेता?"

"घाल."

"रस्सा?"

"घाल ना, विचारतेस काय!"

समोर जापोरमान काका दोन घास खाऊन थांबले होते आणि पुतण्याकडे अशा मायेने बघत होते की मला खाली मान घालून हसू दाबावं लागलं.

शेवटी बोटं धुवायचं पाणी फिरलं. साहालाने तोंड पुसलं, एक मोठा ढेकर दिला, आणि माहेरकडचा मुख्य माणूस म्हणून जे विचारायची आमच्या हाडांत सवय असते ते विचारलं. "काका, जेवण झकास झालं. आता सांगा, कशासाठी होतं?"

"मला काय विचारतोस?" काका म्हणाले आणि त्यांनी हनुवटीने लामरियाकडे दाखवलं. "जेवण तिचं आहे. तिला विचार."

साहालाने बहिणीकडे पाहिलं. मग दाराजवळच्या जोनीच्या भावाकडे, मग ताटात उरलेल्या जबड्याकडे, आणि सगळ्यात शेवटी माझ्याकडे.

"ताट तू घेतलंस?"

"तुम्हीच म्हणालात, चालू करा."

कुणीतरी फिसकन हसलं. साहाला हसला नाही. लामरिया पुढे येऊन त्याच्या समोर बसली. तिने पाठ केलं असणार, कारण सुरुवात फार घाईघाईने केली आणि मग हळूहळू तिचा आवाज जागेवर आला.

"इतो, मी भांडायला आलेली नाही. कायद्याने अर्धं माझं आहे. खाचरांतलं अर्धं, मळ्यातलं अर्धं आणि पट्टीतलंही अर्धं. बालिगेच्या वकीलबाईंनी सांगितलंय, हवं तर तुला फोन जोडून देते. पण मी अर्धं मागत नाही. खाचरं तुझी, मळा तुझा. मला ती पट्टी दे, घरासकट, पार पाण्यापर्यंत. आणि कागदावर दे. तुझ्या शब्दावर माझा भरवसा आहे, पण तुझ्या पोरांचा मला काय भरवसा?"

हे म्हणताना ती माझ्याकडे बघून किंचित हसली. मीही हसले. खरंच आहे, माझ्या थोरल्याचा मलाच भरवसा नाही.

साहालाचे कान लाल झाले होते. "मेलिना उद्या कुठल्या कुळात लग्न करेल कोण जाणे. आपल्या बापाची जमीन परक्या कुळात जाईल, याचं काय?"

"आणि तुझा तो मेदानचा हॉटेलवाला?" काकांनी विचारलं. "तो आपल्या कुळातला आहे काय रे? मला कसा आठवत नाही?"

आता सगळेच मोकळेपणी हसले. साहालाने शेवटचं हत्यार काढलं, जे आमच्याकडचा प्रत्येक भाऊ काढतो. आमच्यात लग्नात मुलाकडचे मुलीच्या बापाला पैसे देतात, आणि पुढे जन्मभर तिला ते ऐकवलं जातं.

"तुझ्या लग्नात जोनीकडून बाबांनी घेतलं होतं की. तेव्हाच तुझं झालं."

"घेतलं होतं," लामरिया म्हणाली. "त्यातून तुझा पहिला हवा भरायचा पंप आला. चालतो का अजून?"

"चालतो," मीच उत्तर दिलं. "रोज चालतो."

यावर कुणी हसलं नाही. साहाला खाली बघत राहिला. मला त्याची दया आली, खोटं कशाला बोलू? दुसऱ्या दुकानाची पाटीसुद्धा त्याने रंगवून ठेवली होती. आणि मला भीतीही वाटली, की हा आता उठेल, दार आपटून जाईल, आणि या बाईला पट्टी मिळेल पण भाऊ नाही.

"मला विचार करायला थोडे दिवस द्या," तो म्हणाला.

"जेवलास आज आणि उत्तर पुढच्या महिन्यात?" काका म्हणाले, पण तेही आता मऊ आवाजात. "बाबा रे, तुझ्या बापाला भरवायचं जेवण तू असंच पुढे ढकललंस."

साहालाने मान वर केली. त्याचे डोळे भरले होते. बापाची आठवण काढली की तो असाच होतो, बेकासीत दारं लावून रडतो, कुणाला दिसू देत नाही. इथे सगळ्यांना दिसलं.

"पट्टी तुझी," तो बहिणीला म्हणाला. "घरासकट. पाण्यापर्यंत." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "पाणी दे. घसा सुकलाय."

मी पाणी दिलं. अख्ख्या घराने एकदम श्वास सोडला असं मला वाटलं. जोनीचा भाऊ उगाचच सगळ्यांना सिगरेटी वाटू लागला. लामरिया "बरं" एवढंच म्हणाली, ताटं गोळा केली आणि आत गेली. मी मागोमाग गेले तर ती चुलीपाशी पाटावर बसून एकच ताट पुन्हा पुन्हा घासत होती.

"एडा, पाण्यापर्यंतच म्हणाला ना तो?" ती म्हणाली.

"म्हणाला," मी म्हटलं आणि तिच्या हातातलं ताट काढून घेऊन शेजारी बसले. ती रडत होती की हसत होती, मला शेवटपर्यंत कळलं नाही. मीही तसंच काहीतरी करत होते.

दुसऱ्या दिवशी सगळे गावप्रमुखाच्या कचेरीत गेले. देस्मा बालिगेहून स्कूटरवर आली आणि तिने कागद ओळ न् ओळ वाचला, दोनदा लिहायला लावला. वारस दाखल्यावर दोघांची नावं लागली. वाटणीच्या करारावर साहाला, लामरिया, काका आणि जोनीचा भाऊ यांच्या सह्या झाल्या. साहालाच्या पुढ्यात कागद आला तेव्हा त्यातलं एक वाक्य मी त्याला बोटाने दाखवलं, की मी ही जमीन खुशीने देत आहे.

"झाली का खुशी?" मी विचारलं.

"होईल," तो म्हणाला आणि त्याने सही केली.

मेदानच्या हॉटेलवाल्याला दुसरीकडे जागा मिळाली. साहाला महिनाभर माझ्याशी कामापुरतं बोलला. मग एका संध्याकाळी पंपाला तेल घालता घालता म्हणाला, "तू ताटाला हात लावला नसतास तर?" मी म्हटलं, "तर ती न्यायालयात गेली असती, अर्धं घेऊन गेली असती, आणि तुम्ही तिच्याकडे कधीच जेवला नसता." त्याने तेलाचा डबा बंद केला. "काळीज मस्त झालं होतं," तो म्हणाला. त्या दिवशी आमच्या घरातलं वातावरण निवळलं.

जमीन कार्यालयाने मोजणीला तारखा दिल्या आणि बदलल्या, पुन्हा दिल्या. देस्मा त्यांच्या मागे लागली होती. हद्दीचे दगड बसले. लामरियाच्या एकटीच्या नावाचा दाखला हातात आला तेव्हा तिने आधी मेलिनाला फोन केला आणि मग मला.

आता एक राहिलं होतं. लेकीला जमीन दिल्यावर भावाने तिच्या घरी शिजवलेला मासा घेऊन जायचं असतं, तिला भरवायचं, तिच्या खांद्यावर शाल घालायची आणि आशीर्वाद द्यायचा. तो दिला नाही तर कागद कितीही पक्का असो, लेकीच्या मनाला शांतता नाही. लामरियाने एकदाही विचारलं नाही की कधी येताय. विचारायचंच नसतं ते.

मुलांच्या सुट्टीत आम्ही गेलो. काकूंनी हळद आणि तिखट मसाला घालून मोठा मासा शिजवून दिला. साहालाने टोपली स्वतः डोक्यावर घेतली, नवी शाल माझ्या हातात दिली, आणि आम्ही तळ्याकडे उतरलो. दार उघडंच होतं. आत लामरिया पाठमोरी उभी राहून कॉफी ढवळत होती.

आजवर साहाला या घरात कधी विचारून शिरला नव्हता. विचारायचं कुणाला? बापाचं घर. चालत यायचा तो सरळ आत, बूट काढले तर काढले, नाही तर नाही, आणि हंड्यातलं पाणी प्यायचा. त्या दिवशी तो पायरीपाशी थांबला. मी मागून त्याच्यावर आदळता आदळता राहिले.

"इतो," त्याने हाक मारली, "येऊ का आत?"

लामरियाचा चमचा थांबला. ती वळली नाही. वळली असती तर तो समोरच दिसला असता, आणि त्याचा आवाज तर ती झोपेतही ओळखते.

"कोण आहे?" तिने विचारलं.

"मी. साहाला. मासा आणलाय." त्याने डोक्यावरची टोपली सावरली. "येऊ का?"

तेव्हा ती वळली. तिने भावाकडे वरपासून खालपर्यंत पाहून घेतलं, सावकाश.

"ये," ती म्हणाली, "बूट बाहेर काढ."